लाल दिवा लागला होता

“मॅडम, लाल दिवा लागला हुता,” अंगद म्हणाला. “मी काय आंधळा हाय का?”

चिंचवडच्या एका हॉस्पिटलात दुपारी भेटायची वेळ होती. अंगद लोंढे खाटेवर उशीला टेकून बसला होता. उजवा हात मनगटापासून गेलेला. बँडेजचा पांढरा गोळा त्याने मांडीवर ठेवला होता आणि बोलताना तो गोळाच हलवून सांगत होता. मी आपली हातातल्या शहाळ्याकडे बघत होते.

“पत्रा सरकला म्हणून हात घातला. घालायचा नसतो, ठावं हाय मला. पण त्याच्यासाठीच तर पडदा बसवलाय ना? दिवा लागला. म्हनलं, चला, थांबला आता. आन् थांबला की. पर हात गेल्यावर थांबला.”

अंगद भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर होता. प्रेस म्हणजे पत्र्याला वरून दाबून आकार देणारं धूड. त्याच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा असतो. किरणांच्या आड हात आला की लाल दिवा लागतो, ब्रेक बसतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. दिवा थेट पडद्याला जोडलेला. ब्रेक मात्र एका कंट्रोलरच्या हुकमाने बसतो, आणि तो कंट्रोलर आमच्या कंपनीने बनवलेला होता. त्यातला प्रोग्राम मी लिहिलेला. मी, हेमलता शेवडे.

“लोक काय बोलत्यात ऐकलं का?” अंगदने आवाज खाली आणला. “फोरमननं लिहून दिलंय, मी पिऊन आलतो. पडद्याच्या बाजूनं हात घातला, म्हनून दिवा लागलाच न्हाई. दारूला शिवत न्हाई हो मी! गावाकडं वडलांच्या कानावर गेलंय. ते भेटाया बी आले न्हाईत. पोरगं पिऊन हात घालवून बसलं, असं तोंड घिऊन कशाला यायचं, म्हनाले.”

मी शहाळं या हातातून त्या हातात घेतलं.

“तुमी मशीनचं पोट उघडून बगनार म्हनं?”

“बघणार आहे.”

“मंग बगा आन् काय आसंल ते खरं सांगा. तुमी सांगितलं की कोन काय बोलनार न्हाई मला.”

“सांगते,” म्हणाले. शहाळं स्टुलावर ठेवलं आणि निघाले. एका हाताने ते त्याला धरता येईल का, पिता येईल का, हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी रिक्षात बसले होते.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि अतिशय आगाऊ होते. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या पोरांना दोन वाक्यांत रडवायची. मला कोणी शिकवलेलं चालायचं नाही. आमचे मालक कोठावळे साहेबसुद्धा माझ्या टेबलापाशी यायच्या आधी खाकरायचे. ऑफिसात मला बोलू शकणारा माणूस एकच, मिरजकर काका.

काका सत्तावन्न वर्षांचे. त्यांच्या ताब्यात एक जुना कॉम्प्युटर होता, त्याला सगळे ‘थोरला’ म्हणायचे. आम्ही आपापल्या टेबलावर काय वाटेल ते लिहावं, तपासावं; पण गिऱ्हाइकाकडे जाणारा प्रोग्राम थोरल्यावरच तयार व्हायचा. त्यावरचा कम्पायलर, त्याच्या सूचना, सगळं काकांनी लावलेलं. कम्पायलर म्हणजे आम्ही लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. थोरल्याला काकांखेरीज कोणी हात लावत नसे.

त्या वर्षी आम्ही कंट्रोलरमध्ये नवी चिप घेतली होती. प्रेस किती वेगाने खाली येतोय, ब्रेक कुठे मारला तर कुठे थांबेल, हे सगळे दशांशाचे हिशेब. आमच्या भाषेत फ्लोटिंग पॉइंट. नव्या चिपमध्ये या हिशेबांसाठी खास वेगळा विभाग होता, आणि त्याच्या जोरावर मी प्रोग्राममध्ये हिशेब वाढवून ठेवले होते. एक हिशेब पुरा झाल्याशिवाय कंट्रोलर पडद्याकडे बघत नसे. हिशेब चुटकीसरशी होणार, मग बिघडलं कुठे, असा माझा विचार.

पण चिपमध्ये विभाग आहे एवढ्याने भागत नाही. तो वापर, असं कम्पायलरला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो धरून चालतो की असला काही विभाग नाहीच, आणि प्रत्येक गुणाकार, भागाकार लांबच्या रस्त्याने करत बसतो. उत्तर तेच येतं. फक्त उशिरा येतं.

म्हणून माल पाठवण्याआधी एक तपासणी असायची. कम्पायलरकडून चिपच्या भाषेतली यादी काढायची आणि डोळ्यांनी वाचायची. सूचनेचं नाव ‘व्ही’ने सुरू होत असेल तर काम त्या विभागात होतंय. त्याऐवजी ‘बीएल’ आणि पुढे दोन अधोरेषांचं लांबलचक नाव असेल, तर दुसरीकडे जाऊन लांबचा हिशेब चाललाय. तपासणीच्या कागदावर ही चौदावी ओळ होती. शब्द असे होते: ‘थोरल्यावरची यादी वाचून खात्री केली.’ पुढे सही.

तिथे माझी सही होती.

हॉस्पिटलातून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोठावळे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. या खेपेला खाकरले नाहीत.

“कारखान्याकडून पत्र आलंय. कंट्रोलर ठीक होता का, ते लेखी मागतायत. तपासणीचे सगळे कागद बरोबर आहेत ना?”

“आहेत.”

“चौदावी ओळ?”

“सही आहे माझी.”

“सही दिसतेय, हेमलता. यादी बघितली होतीस ना?”

“बघितली होती,” मी म्हणाले. आणि ते खरं होतं. म्हणजे यादी मी बघितली होती. कुठली, हे त्यांनी विचारलं नाही.

“एकदा परत बघ. माझ्या समाधानासाठी.”

केबिनमधून बाहेर आले. मला खंडेनवमीचा दिवस आठवत होता.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा जोरात असायची. खाली वर्कशॉपमध्ये ड्रिल, लेथ, सोल्डरिंगच्या बंदुका, सगळ्यांना हळदकुंकू. वर थोरल्याला. काका सकाळीच सोवळ्यासारखे स्वच्छ होऊन यायचे, थोरल्याचा पंखा ब्रशने साफ करायचे, मॉनिटरला झेंडूची माळ घालायचे, कीबोर्डवर आपट्याचं पान ठेवायचे आणि बटण बंद करायचे. पूजेला लावलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. आम्ही एवढे शिकलेले, पण त्यावरून वर्षानुवर्षं कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

नेमका त्याच दिवशी माल जायचा होता. कारखान्याला दसऱ्याच्या मुहूर्तावर नवे कंट्रोलर बसवायचे होते. प्रोग्राम थोरल्यावर आदल्या दिवशीच तयार झालेला. राहिली होती एकच ओळ, चौदावी.

“काका, यादी हवीय. पाच मिनिटं चालू करा ना,” मी म्हणाले होते.

“पूजा झाली की गं आत्ता. कुंकू अजून वाळलं नाही. परवा बघ.”

“टेम्पो दारात उभाय!”

“मग टेम्पोला परवा ये म्हणावं. आज मी हात लावणार नाही आणि तूही लावायचा नाहीस.”

माझं डोकं फिरलं. दणादण पाय आपटत माझ्या टेबलावर आले. माझाही कॉम्प्युटर होताच की. तोच प्रोग्राम, तोच कम्पायलर, यादी निघायला दीड मिनिट. काढली. वाचली. सगळीकडे ‘व्ही’, ‘व्ही’, ‘व्ही’. इथे तसं आहे म्हणजे तिथेही तसंच असणार, वेगळं काय असायचंय? सही ठोकली आणि टेम्पो गेला. मग प्रसादाची खिरापत खाल्ली आणि काकांना चिडवलंसुद्धा, तुमच्या थोरल्यावाचून कुणाचं अडत नाही म्हणून. परवा बघायचं ते बघितलंच नाही. दसऱ्याला माहेरी गेले, आले ती दुसऱ्या कामात अडकले. ऑक्टोबर गेला, डिसेंबर गेला. जानेवारीत अंगदचा हात गेला.

केबिनमधून मी सरळ काकांकडे गेले.

“काका, दसऱ्याच्या मालाची यादी काढा.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तू बघितली होतीस ना?”

“काढा ना तुम्ही.”

त्यांनी काढली. मॉनिटरच्या कोपऱ्यात ऑक्टोबरातलं कुंकू अजून लागलेलं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि ब्रेकच्या हिशेबाचा भाग शोधला. पहिला गुणाकार. बीएल, दोन अधोरेषा. खाली सरकले. बेरीज. बीएल, दोन अधोरेषा. भागाकार. बीएल. शेवटपर्यंत गेले आणि परत वर आले, जणू दुसऱ्यांदा वाचलं तर बदलणार होतं. एकही ‘व्ही’ नव्हता.

“अरे देवा,” काका म्हणाले. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. “कम्पायलरला जुन्या चिपच्याच सूचना राहिल्या यात. नवी चिप आली तेव्हा मीच बदलायला हव्या होत्या. राहून गेलं.”

“तुमचं राहून गेलं ते पकडायलाच ती चौदावी ओळ होती, काका.”

“मग तू काय बघितलंस?”

“माझ्या टेबलावरची यादी. तिथे नव्या चिपच्या सूचना मीच घातल्या होत्या.”

काका खाली बसले. “नवमी होती,” म्हणाले. “मीच तुला हात लावू दिला नाही.”

“तुम्ही परवा बघ म्हणाला होता.”

“चाचणीत थांबला होता की गं प्रेस.”

“चाचणीची पट्टी पडद्यात दहा वेळा घातली होती, काका. दहाही वेळा हिशेब संपल्यावर गेली असेल. त्याचा हात हिशेब चालू असताना गेला.”

दिवा थेट पडद्याला जोडलेला. म्हणजे दिवा लागला होता. अंगद शब्द न् शब्द खरं बोलत होता. प्रेस थांबला, पण उशिरा थांबला. मनात आलं, आत्ता उठावं, रिक्षा करावी आणि त्याला सांगून यावं. खरंच आलं होतं मनात. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात कोठावळे साहेब दारात आले.

“काय निघालं?”

काकांनी मॉनिटर बंद केला. का केला, ते मी त्यांना पुढे कधीच विचारलं नाही.

साहेब आत आले नाहीत. चौकटीला धरून उभे राहिले. “हे बघ, मला त्यातलं काही कळत नाही. यादीत चिपच्या त्या खास विभागाच्या सूचना आहेत की नाहीत, एवढंच सांग. नाहीत म्हणालीस तर मी तसंच लिहीन. मग आपलं शटर खाली. इथे सव्वीस माणसं आहेत आणि तो कागद तुझ्या सहीचा आहे. मी तुला काही सांगत नाहीये. तू सांग.”

मी काकांकडे बघितलं. ते कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत होते. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

“आहेत,” मी म्हणाले.

“नक्की?”

“वाचून बघितलंय.”

“ठीक आहे,” म्हणून साहेब गेले. एवढंच घडलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी करायला मला दोन वाक्यं लागली. त्यातलं दुसरं तर खरंही होतं.

काकांनी त्याच दुपारी थोरल्यावरच्या सूचना बदलल्या. आठवड्याभरात आम्ही सगळीकडच्या कंट्रोलरमध्ये नवा प्रोग्राम घातला, किरकोळ सुधारणा आहे असं सांगून. जुना प्रोग्राम काकांनी पुसून टाकला. त्याआधी मी ती यादी छापून घेतली आणि घरी कपाटात साड्यांखाली ठेवली. कशासाठी ठेवली, देव जाणे. पुरावा राहावा एवढा धीर माझ्यात नव्हता आणि फाडून टाकावी एवढाही नव्हता.

अंगदला मात्र मीच जाऊन सांगितलं. कबूल केलं होतं ना.

“मशीन तपासली. बरोबर होती,” म्हणाले.

तो उशीवरून पुढे झाला. “मंग दिवा?”

“पडद्यातून हात गेला असता तर प्रेस वेळेत थांबला असता. म्हणजे हात बाजूनं गेला असणार. घाईत लक्षात राहत नाही माणसाच्या.”

“मला तर दिसला हुता.”

त्याने बँडेजच्या गोळ्याकडे बघितलं.

“आसंल,” म्हणाला. “तुमी बगितलंय म्हंजी तसंच आसंल.”

त्याने भांडायला हवं होतं. शिव्या घालायला हव्या होत्या. त्या ‘आसंल’ने मी जी मेले ती मेलेच.

कारखान्याने त्याला काढलं नाही. गेटवर ठेवला, आणि दरवर्षी चार मार्चला, सुरक्षा दिनाला, भाषण करायला लावलं. माझी चूक तुम्ही करू नका, असं भाषण. हे मला लोकांकडून कळायचं. मी त्या बाजूला फिरकले नाही. कोठावळ्यांची कंपनी पुढे विकली गेली, मी दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर गेले. सुरक्षिततेच्या सॉफ्टवेअरवर व्याख्यानं देते. हसू येईल, पण देते. काका गेल्या डिसेंबरात गेले. शेवटचं भेटायला गेले तेव्हा त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. माझा हात धरून म्हणाले, “माळ घालून ठेवलीय, बटण दाबू नको.” आता खरं काय ते जाणणारी मी एकटीच उरले होते.

यंदा त्या कारखान्याचं निमंत्रण आलं. सुरक्षा दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून या. मी साड्यांखालचा कागद पर्समध्ये घातला आणि गेले.

मांडवामागे चहाचं टेबल होतं. अंगद तिथे उभा होता. कानशिलं पांढरी झालेली, इस्त्रीचा गणवेश, उजवी बाही दुमडून पिन लावलेली.

“मॅडम! वळखलं का? किती वर्सांनी!” तो मनापासून खूश झाला होता. “या, च्या घ्या.”

“अंगद, मला तुला काही सांगायचंय. आत्ताच.”

चहा घेतलाच नाही. कागद काढला आणि सगळं सांगितलं. नवमी, थोरला, माझं टेबल, चौदावी ओळ, दारात उभे साहेब. माझं संपल्यावर त्याने कागद डाव्या हातात घेतला, उलटसुलट बघितला.

“म्हंजी दिवा लागला हुता.”

“हो.”

“मी खरं बोलत हुतो.”

“हो, अंगद.”

“वडील वारले, मॅडम. सात वर्सं झाली. मरस्तोवर माझ्याशी धड बोलले न्हाईत. आन् मी बी म्हनलं, त्यांचं बरोबरच हाय, चूक तर माझीच हाय.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “बारा वर्सं त्या माइकवर सांगतोय, दिवा लागला नव्हता. सांगून सांगून आता मला बी लाल दिसत न्हाई. डोळं मिटलं तरी दिसत न्हाई.”

“मी आत्ता स्टेजवर जाऊन सगळ्यांना सांगते.”

“आन् मंग मी काय सांगू?” तो म्हणाला. “हितं मला त्या भाषनावर ठेवलंय. चूक माझी नव्हती तर मी हितं कशाला? आदी का न्हाई आला, मॅडम? वडील हुते तवा?”

माइकवरून त्याचं नाव पुकारलं. त्याने कागदाची चारपदरी घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि गेला.

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. मागे तीनशे कामगार होते. अंगद नेहमीचंच भाषण बोलला असावा, कारण मागची जुनी माणसं त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. “घाई माझी, चूक माझी. पडद्याच्या बाजूनं हात घातला. दिवा लागला नव्हता. मशीन चुकत नसती, भावांनो, मानूस चुकतो.” मग जरा थांबला. “तवा मशीन ज्यांनी तपासली त्या शेवडे मॅडम आज हितं बसल्यात. त्यांना विचारा.”

टाळ्या वाजल्या. कोणी काही विचारलं नाही. मीही उठले नाही. सांगते म्हणाले होते, तरी उठले नाही.

शेवटी शपथ असते. अंगद म्हणाला, “सगळे हुबे ऱ्हावा. उजवा हात म्होरं करा.” तीनशे हात पुढे झाले. त्याने स्वतः डावा केला. “मॅडम, तुमी बी. उजवा.”

मी हात पुढे केला. तो सांगत गेला, सगळे त्याच्यामागून म्हणत गेले, मीही म्हटलं. यंत्राशी इमान राखीन, सोबत्याच्या जिवाला जपीन. शपथ संपली. लोकांनी हात खाली घेतले, खुर्च्या सरकल्या, मागे खाण्याची पाकिटं वाटायला सुरुवात झाली. अंगद माइक धरून तिथेच उभा होता आणि माझ्या हाताकडे बघत होता. त्याने बघणं थांबवेपर्यंत मला तो खाली घेता आला नाही.